रेनिनची रक्तचाचणी : एका प्रयोगशाळेच्या सेवेचे परीक्षण

हिमोग्लोबिन किंवा क्रिएटिनिन तपासून घेताना प्रयोगशाळेचा फारसा कस लागत नाही. नमुना सकाळी दिला काय किंवा दुपारी दिला काय, रुग्ण अंथरुणातून नुकताच उठला होता की दोन तास हिंडून आला होता, यामुळे निदान बदलेल इतका फरक उत्तरात सहसा पडत नाही. रक्तदाब सांभाळणाऱ्या साखळीतील रेनिन या एन्झाइमच्या चाचणीत मात्र हीच माहिती निर्णायक ठरते. रुग्ण कोणत्या गोळ्या घेतो, गेल्या काही दिवसांत मीठ किती खाल्ले, सुई टोचण्यापूर्वी तो झोपून होता की उभा होता, आणि काढलेले रक्त बर्फात ठेवले की नाही, या चार प्रश्नांची उत्तरे माहीत नसतील तर अत्यंत महागड्या यंत्राने दिलेला आकडाही वाचता येत नाही. म्हणूनच या चाचणीसाठी प्रयोगशाळा निवडताना तिच्याकडे कोणते यंत्र आहे यापेक्षा ती रुग्णाला काय विचारते हे पाहावे, असे माझे मत झाले आहे. पुण्यातील एका मोठ्या साखळी प्रयोगशाळेत माझ्या धाकट्या भावाची रेनिन आणि त्याच साखळीतील अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक यांची तपासणी आम्ही नुकतीच करून घेतली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. प्रयोगशाळेचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जे दोष पुढे सांगणार आहे ते एकाच संस्थेचे असतील असे मला वाटत नाही.

भावाचे वय चाळिशीच्या आत आहे. टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन आणि लघवीवाटे क्षार व पाणी बाहेर टाकणारी तिसरी गोळी, अशा तीन औषधांवरही त्याचा रक्तदाब आटोक्यात येत नव्हता आणि रक्तातील पोटॅशियम ३.२ पर्यंत उतरले होते. ते साधारणतः ३.५ ते ५ या दरम्यान असायला हवे. पोटॅशियम उतरण्याचे खापर आधी त्या तिसऱ्या गोळीवर फोडले गेले, आणि ते अगदीच चूक होते असेही नाही, कारण या गटातील गोळ्यांनी पोटॅशियम कमी होतेच. तरीही कमी वय, दाद न देणारा रक्तदाब आणि उतरलेले पोटॅशियम ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसल्यावर अंतःस्रावतज्ज्ञ डॉक्टरांनी रेनिन आणि अल्डोस्टेरॉन या दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यातून करायला सांगितल्या.

रेनिन हे मूत्रपिंडात तयार होणारे एन्झाइम, म्हणजे विकर आहे. १८९८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत रॉबर्ट टिगरस्टेट आणि पेर बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, तेव्हा त्यांचा रक्तदाब वाढला. या निरीक्षणातून रेनिनचा शोध लागला. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त नेणाऱ्या बारीक धमनीच्या भिंतीत काही विशिष्ट पेशी असतात. तेथील रक्ताचा दाब कमी झाला, गाळून पुढे आलेल्या द्रवात मीठ कमी आढळले किंवा मज्जातंतूंकडून तसा इशारा आला, की या पेशी रेनिन सोडतात. रेनिन स्वतः रक्तवाहिन्या आवळत नाही. यकृतातून येणाऱ्या अँजिओटेन्सिनोजेन नावाच्या प्रथिनाचा एक छोटा तुकडा ते तोडते. त्या तुकड्याला अँजिओटेन्सिन एक म्हणतात. मुख्यतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत असणारे दुसरे एक एन्झाइम त्याचे अँजिओटेन्सिन दोनमध्ये रूपांतर करते, आणि हे अँजिओटेन्सिन दोन खरे जोरकस असते. ते रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडायला लावते. अल्डोस्टेरॉन शरीरात मीठ राखून ठेवते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीवाटे घालवते. मीठ आणि त्याच्याबरोबर पाणी राहिले की दाब वाढतो, आणि दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड रेनिन सोडणे कमी करते. साखळी अशी स्वतःला आवर घालणारी आहे.

ही साखळी ध्यानात आली की दोन्ही तपासण्या एकत्रच का कराव्या लागतात हे उलगडते. अल्डोस्टेरॉनने रेनिनच्या हुकमानुसार वागावे अशी शरीराची मूळ व्यवस्था आहे. अधिवृक्क ग्रंथीत छोटी गाठ झाली किंवा दोन्ही ग्रंथी वाजवीपेक्षा अधिक काम करू लागल्या, तर मालकाला न विचारता तिजोरी उघडणाऱ्या कारकुनाप्रमाणे अल्डोस्टेरॉन आपल्या मर्जीने वाहू लागते. मूत्रपिंड त्याला उत्तर म्हणून रेनिन जवळजवळ बंद करते, पण त्याचा काही उपयोग होत नाही. मिशिगन विद्यापीठातील जेरोम कॉन यांनी १९५५ साली या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्यांच्याच नावाने तो आजही ओळखला जातो. दीर्घकाळ तो दुर्मीळ समजला जात असे. आता उच्च रक्तदाबाच्या साधारण पाच ते दहा टक्के रुग्णांमध्ये, आणि औषधांना दाद न देणाऱ्या रक्तदाबात त्याहून अधिक प्रमाणात तो असतो असे मानले जाते. एक गाठ काढून किंवा एक नेमकी गोळी देऊन ज्याच्यावर मुळातून उपाय करता येतो, असे उच्च रक्तदाबाचे कारण क्वचितच सापडते. त्यामुळे चाचणी नीट होणे हा केवळ शिस्तीचा मुद्दा राहत नाही.

आता प्रयोगशाळेविषयी. पहिला संपर्क ग्राहकसेवा केंद्राशी आला आणि तो निराशाजनक होता. रक्तदाबाशी संबंधित एन्झाइमची चाचणी करायची आहे असे सांगताच पलीकडच्या व्यक्तीने एसीई या चाचणीची नोंदणी करायला घेतली. वर ज्या दुसऱ्या एन्झाइमचा उल्लेख केला तेच हे, आणि रक्तदाबाशी त्याचा संबंध आहे हे खरेच आहे. रामिप्रिल आणि एनालाप्रिल यांसारख्या गोळ्या त्यालाच रोखतात. पण रक्तातील एसीईची पातळी रक्तदाबाचे कारण शोधण्यासाठी मोजत नाहीत. ती प्रामुख्याने सार्कॉइडोसिस या आजाराच्या संदर्भात पाहिली जाते. हा आजार छातीच्या एक्स-रेवर क्षयरोगासारखा दिसू शकतो, त्यामुळे आपल्याकडे ती तपासणी फुप्फुसतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर अधिक आढळते. शिवाय रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर ती पातळी मुळातच खाली येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील शब्द अक्षरशः वाचून दाखवल्यावर योग्य नोंदणी झाली. ज्यांच्या हातात चिठ्ठी नाही आणि जे स्वतःच्या मनाने मोबाइलवरून चाचणी निवडतात, त्यांचे पैसे येथे हमखास चुकीच्या जागी पडू शकतात.

त्याच संभाषणात दुसरी सूचना मिळाली की दहा ते बारा तास उपाशीपोटी राहावे. या चाचणीला तशी गरज नसते. उलट उपवासाचा सगळा भर मनावर घेऊन एखाद्याने आदल्या दिवसापासूनच खाणे-पिणे आणि मीठ कमी केले, तर रेनिन वाढून निकाल दिशाभूल करणारा येऊ शकतो. मिठाच्या बाबतीत तर कोणी काही विचारलेच नाही. रक्तदाबाच्या रुग्णाला घरात सगळेच मीठ कमी कर म्हणून सांगत असतात, लोणचे आणि पापड ताटातून हद्दपार झालेले असतात, आणि ते योग्यही आहे. पण मीठ अगदी कमी केले की मूत्रपिंड रेनिन जास्त सोडते आणि कॉनचा विकार झाकला जाऊ शकतो. म्हणून चाचणीपूर्वीच्या दिवसांत मीठ बेताने, नेहमीसारखे खाऊ द्यावे आणि पोटॅशियम कमी असेल तर आधी भरून काढावे, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते. पोटॅशियम कमी असताना अल्डोस्टेरॉनही खाली राहते आणि दोषी ग्रंथी निर्दोष सुटते. भावाला त्यासाठी काही दिवस पोटॅशियमचे औषध देण्यात आले.

गोळ्यांचा प्रश्न सर्वांत किचकट आहे. रक्तदाबाची बहुतेक औषधे याच साखळीवर काम करतात, त्यामुळे ती चाचणीच्या आकड्यांतही हात घालतात. बीटा-ब्लॉकर गटातील गोळ्या, क्लोनिडिन आणि मेथिलडोपा रेनिन कमी करतात, आणि त्यामुळे विकार नसतानाही तो असल्याचा भास होतो. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्याही तेच करतात, आणि गुडघेदुखीसाठी त्या घरोघरी घेतल्या जात असूनही रुग्ण त्यांना औषध म्हणून मोजत नाही. टेल्मिसार्टन, रामिप्रिल आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या रेनिन वाढवतात, त्यामुळे असलेला विकार लपतो. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन यांचा परिणाम तर इतका टिकतो की शक्य असल्यास चाचणीपूर्वी चार आठवडे ती बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो. अशा वेळी व्हेरापामिल, हायड्रॅलाझिन, प्राझोसिन किंवा डॉक्सॅझोसिन ही तुलनेने तटस्थ औषधे दिली जातात. भावाच्या बाबतीत डॉक्टरांनी फक्त तिसरी गोळी थांबवली आणि टेल्मिसार्टन चालूच ठेवले. त्यांचा विचार असा की टेल्मिसार्टनने रेनिन वर जायला हवे, आणि ते चालू असतानाही रेनिन दबलेलेच सापडले तर संशय कमी होण्याऐवजी बळावतो. कोणती गोळी थांबवायची हा निर्णय डॉक्टरांचा आहे. रक्तदाब १८०च्या घरात असताना स्वतःच गोळ्या सोडून चाचणीला जाणे हे जिवावर बेतू शकते. प्रयोगशाळेचे काम एवढेच, की चालू औषधांची यादी विचारून ती निकालपत्रावर छापावी. येथे ती विचारली गेली नाही. मी ती कागदावर लिहून नेली होती, तेव्हा ती स्वीकारली गेली, पण निकालपत्रावर उतरली नाही.

याच यादीत ज्येष्ठमध असायला हवा. गवयांच्या आणि शिक्षकांच्या खिशात हटकून सापडणारी ही काडी घसा मोकळा करते यात शंका नाही, पण तिच्यातील ग्लिसिरायझिनमुळे शरीरात अल्डोस्टेरॉन वाढल्यासारखीच अवस्था निर्माण होऊ शकते. दाब वाढतो, पोटॅशियम उतरते, आणि तपासायला गेले तर रेनिन व अल्डोस्टेरॉन दोन्ही दबलेले दिसतात. एखाद-दुसरी काडी चघळल्याने असे होत नाही, पण रोज भरपूर ज्येष्ठमध, काढे आणि खोकल्याची तशी औषधे पोटात जात असतील तर ते सांगितले पाहिजे. प्रयोगशाळांच्या छापील प्रश्नपत्रिकेत हा एक प्रश्न घालायला काहीच खर्च येणार नाही, आणि महाराष्ट्रात तरी तो परदेशी औषधांच्या नावांपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

घरी येऊन रक्त नेण्याची सोय या प्रयोगशाळेत आहे आणि इतर चाचण्यांसाठी ती चांगली आहे. रेनिनसाठी मात्र ती टाळावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. पहिले कारण वेळेचे आहे. घरी येणारे तंत्रज्ञ सकाळी सहा-सातच्या सुमारास येतात, तेव्हा रुग्ण नुकताच अंथरुणातून उठलेला असतो. या चाचणीसाठी सर्वमान्य पद्धत अशी, की उठून किमान दोन तास बसणे, उभे राहणे, चालणे असा नेहमीचा वावर व्हावा, मग पाच ते पंधरा मिनिटे खुर्चीत बसवून साधारण दहाच्या सुमारास नमुना घ्यावा. दुसरे कारण गोठवलेल्या जेलच्या पाकिटांनी भरलेल्या त्या पेटीचे आहे. रक्तात रेनिनबरोबरच त्याचे अपक्व रूप, म्हणजे प्रोरेनिन, कितीतरी अधिक प्रमाणात असते. बर्फाच्या थंडाव्यात द्रवरूप रक्तातील हे प्रोरेनिन रेनिनसारखे काम करू लागते आणि रेनिनचा आकडा खोटा वाढतो. अन्य अनेक चाचण्यांसाठी नमुना थंड ठेवणे हे काळजीचे लक्षण मानले जाते, म्हणून तंत्रज्ञाला दोष देता येत नाही. त्याला वेगळी सूचना दिली गेलेली नसते, एवढेच. रेनिनचा नमुना खोलीच्या तापमानाला ठेवून त्यातील रक्तद्रव लवकर वेगळा करावा लागतो आणि मग तो रक्तद्रव झटकन गोठवायचा असतो. सातारा, चिपळूण किंवा लातूर येथील संकलन केंद्रातून नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर रक्तद्रव वेगळा करून गोठवण्याचे काम तेथेच होते का, की नळी तशीच पेटीतून प्रवास करते, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

ही शंका मी ग्राहकसेवा केंद्राला विचारली तेव्हा त्यांना तिचे उत्तर देता आले नाही, पण त्यांनी फोन मुख्य प्रयोगशाळेतील विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टरांकडे जोडून दिला, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. त्या बाईंनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, घरचे संकलन रद्द केले आणि भावाला मुख्य प्रयोगशाळेतच दहाच्या आधी यायला सांगितले. येण्यापूर्वी न्याहारी करावी, पण फार घाईने जिने चढून येऊ नये, असेही त्या म्हणाल्या. तेथून पुढचा अनुभव इतका चांगला होता की दोन वेगळ्या संस्थांशी व्यवहार झाल्यासारखे वाटले.

रक्त घेणाऱ्या तंत्रज्ञ ताईंनी सुई काढण्यापूर्वी विचारले, “दादा, सकाळी किती वाजता उठलात? मध्ये पुन्हा आडवे झाला होतात का?” मग त्याला खुर्चीत बसवून ठेवले आणि तेवढा वेळ दुसरे काम उरकले. शीर शोधताना भावाने सवयीने मूठ आवळली, तेव्हा त्यांनी लगेच थांबवले. मूठ सारखी आवळल्याने नमुन्यातील पोटॅशियम खोटे वाढते आणि याच नमुन्यासोबत पोटॅशियमही मोजायचे होते. दंडाचा पट्टा त्यांनी सैल केला, क्षणभर थांबल्या आणि मगच रक्त घेतले. जांभळ्या झाकणाची नळी त्यांनी बर्फाच्या ट्रेमध्ये न ठेवता बाजूच्या स्टँडवर ठेवली आणि थोड्याच वेळात ती आतल्या विभागात गेली. यातले काहीही मी सुचवले नव्हते. एवढे जाणणारी व्यक्ती संकलनाच्या खोलीत असणे ही या प्रयोगशाळेची खरी जमेची बाजू आहे.

निकालपत्र सांगितलेल्या दिवशी आले. त्यात अल्डोस्टेरॉन २४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि थेट रेनिन २.४ मायक्रो-आंतरराष्ट्रीय एकके प्रति मिलिलिटर असे आकडे होते. रेनिनपुढे ‘कमी’ अशी खूण होती, कारण उभ्या स्थितीतील संदर्भकक्षा ४.४ ते ४६.१ अशी छापलेली होती. अल्डोस्टेरॉनपुढे कसलीच खूण नव्हती, तो आकडा कक्षेच्या आत होता. येथे सामान्य वाचक हमखास फसतो. लाल अक्षरातील एकच आकडा दिसतो, तोही कमी असल्याचा, आणि रक्तदाब वाढवणारे एन्झाइम कमी आहे म्हणजे चांगलेच झाले, असा अर्थ लावून तो मोकळा होतो. वस्तुतः रेनिन इतके दबलेले असताना अल्डोस्टेरॉननेही खाली उतरायला हवे होते. ते कक्षेच्या आत आहे हीच खरी विसंगती आहे. प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे आपल्या कक्षेशी ताडून खूण करणाऱ्या संगणकाला हे कधीच दिसणार नाही.

त्याखाली अल्डोस्टेरॉन आणि रेनिन यांचे गुणोत्तर १० असे दिले होते, त्याला एकक नव्हते, आणि टिपेत लिहिले होते की गुणोत्तर ३०पेक्षा अधिक असल्यास पुढील तपासणी करावी. या दोन ओळी एकत्र वाचल्या तर भावाला काहीही झालेले नाही असा निष्कर्ष निघतो, आणि तो साफ चुकीचा आहे. रेनिन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत रेनिनची क्रियाशीलता मोजतात, म्हणजे रुग्णाच्या रक्तद्रवात एका तासात किती अँजिओटेन्सिन एक तयार होते ते पाहतात, आणि उत्तर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास असे देतात. नव्या पद्धतीत प्रतिपिंडांच्या साहाय्याने रेनिनचे रेणूच थेट मोजतात. ती यंत्रावर झटपट होते, म्हणून मोठ्या खासगी प्रयोगशाळांना ती सोयीची पडते. तीस हा उंबरठा क्रियाशीलतेच्या एककाशी बांधलेला आहे. थेट रेनिन मायक्रो-आंतरराष्ट्रीय एककांत आणि अल्डोस्टेरॉन नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल, तर त्याच्याशी मिळताजुळता उंबरठा सुमारे ३.७ येतो. क्रियाशीलतेचे एक एकक म्हणजे थेट रेनिनची साधारण ८.२ एकके, असा ढोबळ हिशेब धरला तर भावाचे १० हे गुणोत्तर जुन्या मापात ८०च्या वर जाते. रेनिन इतके कमी असताना हा हिशेब काटेकोर राहत नाही हे मान्य आहे, तरी उंबरठ्याच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत याबद्दल शंका राहू नये.

गुणोत्तराचा आणखी एक दोष सांगितला पाहिजे, कारण तो उलट बाजूने फसवतो. भागाकारात रेनिन खाली असते. ते अगदी शून्याजवळ गेले की अल्डोस्टेरॉन फार नसतानाही गुणोत्तर अवाढव्य फुगते. क्रियाशीलता ०.१ आणि अल्डोस्टेरॉन अवघे ५ असले तरी भागाकार ५० येतो. म्हणून जाणकार डॉक्टर आधी रेनिन दबले आहे का ते पाहतात, मग अल्डोस्टेरॉनचा स्वतःचा आकडा पुरेसा मोठा आहे का ते पाहतात, आणि गुणोत्तराकडे शेवटी येतात. साठी उलटलेल्या माणसांत रेनिन तसेही ओसरलेले असते, मूत्रपिंडाचे काम मंदावलेल्यांतही गुणोत्तर वाढू शकते, आणि इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत थेट रेनिनचा आकडा खाली येतो. वय, क्रिएटिनिन आणि चालू गोळ्या यांचा उल्लेख निकालपत्रावर का असावा याचे हे आणखी एक कारण.

टिपेतील विसंगती मी त्याच विकृतिशास्त्रज्ञ डॉक्टरांना कळवली. त्यांनी ती मान्य केली, पूर्वीच्या पद्धतीसाठी लिहिलेली टीप नव्या पद्धतीच्या निकालपत्राला तशीच चिकटून राहिली असल्याचे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी गुणोत्तराच्या एककासह व योग्य उंबरठ्यासह सुधारित निकालपत्र पाठवले. त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत. सुधारित प्रतीतही रुग्ण बसलेला होता की उभा, आणि नमुना किती वाजता घेतला, यांपैकी फक्त वेळच नोंदली गेली. चुकीचे निकालपत्र मात्र त्यांच्या अॅपवर बराच काळ तसेच दिसत होते आणि सुधारित प्रत फक्त ईमेलवर होती. ज्यांचे डॉक्टर थेट अॅपवरून निकाल पाहतात त्यांच्या बाबतीत ही हलगर्जी महागात पडू शकते.

निकालाचा अर्थ लावताना आणखी काही जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत, कारण ही चाचणी केवळ कॉनच्या विकारासाठी नसते. रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही वाढलेले असतील तर मूत्रपिंडाला रक्त कमी पोहोचत असल्याची शंका घ्यावी लागते. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडाला वाटते दाबच कमी झाला आहे, आणि ते रेनिन सोडत राहते. वयस्कर माणसांत हे बहुधा धमनीत साठलेल्या चरबीमुळे होते. आपल्या देशात तरुण स्त्रियांमध्ये महाधमनी आणि तिच्या शाखांना सूज आणणारा ताकायासू नावाचा आजार त्यामागे असण्याची शक्यता विसरता येत नाही. अशा रुग्णाच्या दोन हातांतील रक्तदाबात मोठा फरक असू शकतो आणि एका मनगटाची नाडी क्षीण लागू शकते, म्हणजे दोन्ही हातांचा दाब मोजणे ही फुकटची तपासणी महागड्या चाचणीच्या आधी व्हायला हवी. जुलाब, उलट्या, कडक उपवास किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांमुळेही दोन्ही आकडे वर जातात. रेनिन खूप वाढलेले आणि अल्डोस्टेरॉन कमी असेल तर अधिवृक्क ग्रंथीच थकलेली असू शकते, पण तेव्हा रक्तदाब सहसा वाढलेला नसून उतरलेला असतो. दोन्ही दबलेले असतील तर ज्येष्ठमधाचा प्रश्न पुन्हा समोर येतो, आणि त्याखेरीज काही आनुवंशिक विकारही असतात. रेनिन कमी आणि बाकी काहीच सापडत नाही, असे उच्च रक्तदाबाचे रुग्णही पुष्कळ असतात. त्यांच्यात मीठ कमी करण्याचा आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचा गुण चांगला येतो.

खर्च बराच आहे. दोन्ही तपासण्या मिळून काही हजार रुपये लागले, म्हणजे नेहमीच्या आरोग्य तपासणीच्या पॅकेजपेक्षा अधिक. रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाने ही चाचणी करावी का, या प्रश्नावर वैद्यकीय मत बदलते आहे. अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीच्या २०१६च्या मार्गदर्शिकेत दाद न देणारा रक्तदाब, कमी पोटॅशियम, अधिवृक्क ग्रंथीत योगायोगाने सापडलेली गाठ अशा निवडक रुग्णांवर भर होता, तर २०२५च्या मार्गदर्शिकेत उच्च रक्तदाब असलेल्या सर्वांचीच एकदा तपासणी करावी असे सुचवले आहे. आपल्याकडील किमती पाहता हे सरसकट घडेल असे मला वाटत नाही, पण तिसरी गोळी सुरू करण्याची वेळ आली किंवा पोटॅशियम विनाकारण उतरलेले दिसले, तर डॉक्टरांपाशी हा विषय काढायला संकोच करू नये.

भावाची पुढची तपासणी सलाइन देऊन होणार आहे. चार तासांत दोन लिटर सलाइन शिरेतून देतात आणि त्यानंतरही अल्डोस्टेरॉन खाली येत नसेल तर निदान पक्के होते. ती रुग्णालयात, देखरेखीखालीच करावी लागते. तिच्या शेवटी घेतला जाणारा नमुना आम्ही याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने मोजून घेणार आहोत, कारण अल्डोस्टेरॉनचे आकडेही यंत्रागणिक बदलतात आणि दोन प्रयोगशाळांचे निकाल शेजारी ठेवून तुलना करणे धोक्याचे असते. मात्र या वेळी नोंदणी ग्राहकसेवा केंद्रामार्फत न करता थेट मुख्य प्रयोगशाळेत करू, औषधांची यादी निकालपत्रावर छापण्याची लेखी विनंती सोबत देऊ, आणि अॅपवरील जुने निकालपत्र काढून टाकल्याची खात्री झाल्यावरच पैसे भरू.